निखळलेला दगड

आज कृष्णेच्या घाटावर, ढोल्या गणपतीजवळ बसून भाजलेले शेंगदाणे खाल्ले. दोन्ही बाजूंनी चावून. कितीतरी वर्षांनी!

डावीकडची खालची दाढ मी काढून टाकली होती. एक गेली तर काय बिघडतं, असं वाटलं. पण मोकळ्या जागेकडे शेजारची दाढ कलली, वरची खाली उतरू लागली, आतलं हाड झिजत गेलं. पुढे उजवी दाढ ठणकू लागली तेव्हा मात्र रूट कॅनाल करून घेतलं. किडलेली नस काढली, मुळांच्या नळ्या साफ करून त्यात गटापर्चा हा रबरासारखा पदार्थ भरला, वर कॅप बसवली. भूल दिल्यावर दुखलंच नाही. दुखलं होतं ते आधीच्या रात्री.

मग डावीकडे टायटॅनियमचं इम्प्लांट. हाडाने ते घट्ट धरेपर्यंत काही महिने थांबावं लागलं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे दात बसवले. त्यांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

समोर घाटाच्या पायऱ्या आहेत. एक दगड निखळला की पाणी शेजारच्यालाही सैल करतं. शक्य तोवर आपला दात वाचवावा. गेलाच, तर त्याची जागा फार काळ रिकामी ठेवू नये.