निदानाचे पैसे

गाडीचा पार्ट बदलला की आपण निमूट पैसे मोजतो. तो बदलायची गरजच नव्हती, हे शोधून काढणाऱ्याला मात्र चहावर कटवतो.

इंदापूरचा माझा मावसभाऊ जुन्या पेट्रोल व्हॅनमधून रेडिमेड कपडे घेऊन आठवडी बाजार करतो. भिगवण, निमगाव केतकी, वालचंदनगर. रमजान सुरू होता होता व्हॅनचा तिसरा गियर सुटायला लागला. नवा गियरबॉक्स परवडणारा नव्हता, म्हणून जुन्या बाजारातून आणून बसवला. गियर छान पडू लागले, पण इंजिनचं बिनसलं. न्यूट्रलला रेस आपोआप वर-खाली व्हायची आणि चौकात थांबायला क्लच दाबला की गाडी बंद.

बारामतीच्या एका गॅरेजने आधी आयडलची मोटर बदलली, मग थ्रॉटल बॉडी साफ केली, शेवटी ‘ईसीएम गेलाय’ म्हणून पंधरा हजार सांगितले. ईद आठ दिवसांवर होती. ज्याचा वर्षाचा निम्मा गल्ला पोरांच्या ईदच्या कपड्यांवर, त्याने यातले किती बाजार बुडवायचे?

त्या गॅरेजवाल्याला मी लबाड म्हणणार नाही. कार्बोरेटर होता तेव्हा स्क्रू ड्रायव्हरने आयडल लावून मिळायचं. २००० नंतर प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्बोरेटर गेले आणि आयडल कॉम्प्युटरच्या हाती गेलं. आता बिघाड शोधायचा तर दोन तास लागतात. त्या दोन तासांचे पैसे मागून बघा, गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी शेजारच्या गॅरेजात दिसेल. मग मिस्त्री पार्ट बदलतो, कारण पार्टचं बिल होतं.

आमचे मामू चाळीस वर्षं मिस्त्री होते, आता घरीच असतात. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच विचारलं, "गियरबॉक्स उतरवताना काय काय सोडलं होतं?" आधी चांगलं चाललेलं इंजिन नंतर बिघडलं, तर आधी मधे हात लागलेल्या जागा बघायच्या. क्लच वायर, स्टार्टर, स्पीड सेन्सरचा प्लग, रिव्हर्सची वायर, अर्थची पट्टी. स्पीड सेन्सरचा प्लग सुटला असता, तर गाडी थांबत आलीय हे कॉम्प्युटरला कळलं नसतं आणि क्लच दाबल्यावर ती बंद पडली असती. पण प्लग जागेवर होता, स्पीडोमीटरही चालत होता. कुठून हवा ओढतेय का, म्हणून इनटेकच्या जोडांवर पाण्याचा फवारा मारून ऐकलं. आवाजात फरक नाही.

मग त्यांनी हेडलाइट आणि ब्लोअर लावायला सांगितलं. रेस आणखी खाली बसली. चार-पाच वेळा स्टार्टर मारायला लावला आणि क्लच वायरला हात लावला. "बघ, गरम." मीही हात लावला. खरंच चटका बसत होता.

इंजिनातून बॅटरीकडे परतणाऱ्या करंटला सरळ वाट नसेल, तर तो सापडेल त्या लोखंडातून जातो, क्लच वायरमधूनसुद्धा. मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिनला लावून स्टार्टर मारला, तर एक व्होल्टच्या वर दाखवत होता. तिथे अर्ध्या व्होल्टच्याही आत हवा. सेन्सरचा सगळा कारभार ५ व्होल्टच्या आतला. त्यात एवढी गडबड झाली, तर कॉम्प्युटर आयडल काय धरणार?

कारण अगदी साधं निघालं. भंगारवाल्याने गियरबॉक्स नवा दिसावा म्हणून त्याला रुपेरी रंग फासला होता. अर्थची पट्टी बोल्टने नीट कसलेली होती, पण त्या रंगावर. मामूंनी बोल्ट काढला, पॉलिश पेपरने पांढरं लोखंड दिसेपर्यंत घासलं, स्टार्टर बसतो ती जागाही घासली. रेस ८५०ला येऊन थांबली. पुढचा बाजार भावाने केला.

मामूंना किती दिलेस, असं नंतर मी विचारलं. तो हसला. "मामूच आहेत ना!"