लेंट ते अखाजी

१४ फेब्रुवारी २०२४, राखेचा बुधवार
लेंट, म्हणजे उपासकाळ, सुरू. पास्टर सुरगाण्याहून मोटारसायकलवर आले. वस्ती रिकामी. निम्मी मंडळी दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षांवर. उपासनेला म्हातारी माणसं, पोरं आणि आम्ही चौघी. पास्टर म्हणाले, "जेवण सोडणं सोपं आहे. दुसऱ्याचं अडवलेलं सोडा."

१८ फेब्रुवारी
द्राक्षांवरून धाकट्या जावेचा फोन. कामावर असतानाही खाडा लावतात म्हणे. मुकादम मामा आपल्याच मंडळीतले. रविवारी पुढे उभे राहून गीत सांगणारे.
झोप नाही.

२ मार्च
लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा हातात घेतलं. लक्ष्मीबाईंचं माहेर जलालपूर, आपल्याच नाशिकजवळचं. त्यांच्या नवऱ्यानं, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, पण नवरा गेला म्हणून त्या मागोमाग गेल्या नाहीत. विचार करत गेल्या, सोवळं सुटत गेलं. १९०० साली बाप्तिस्मा. आधी वागणं बदललं, मग पाणी शिंपडलं.

१२ मार्च
२०१८ साली आजच्याच दिवशी शेतकऱ्यांचा लाँग मार्च मुंबईत आझाद मैदानावर पोचला होता. वनजमिनीसाठी. हे आणि थोरले भाऊजी नाशिकहून बरोबर चालले. भाऊजी डोंगऱ्या देवाला मानणारे, हे येशूला. तळपायाचे फोड दोघांचे सारखेच होते.
आता होळीच्या वर्गणीवरून अबोला.

२१ मार्च
टोळी द्राक्षांवरून परत आली. जावेच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा पडलाय. हिशेब झाला. उचल वजा, खाडे वजा, गाडीभाडं वजा. पलीकडच्या मावशीच्या हातावर सातशे रुपये. विधवा बाई, दोन महिने वेलीखाली उभी. काही बोलली नाही. मोहाची फुलं वेचायला गेली.

२४ मार्च, झावळ्यांचा रविवार
आजच होळी. सकाळी पोरांनी शिंदीच्या झावळ्या आणल्या. पास्टरांनी जक्कयाची गोष्ट घेतली. जकातीवर पैसा केलेला माणूस. येशू त्याच्या घरी उतरला, आणि त्यानं फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं. मामा खाली मान घालून होते.
संध्याकाळी हे भाऊजींकडे गेले. "पूजेला वर्गणी देणार नाही दादा, पण गावजेवणाला तांदूळ घ्या." भाऊजींनी पायली ओतून घेतली. बोलले नाहीत.

२९ मार्च, उत्तम शुक्रवार
तीन तास उपासना. मामा आले नाहीत.

३१ मार्च, ईस्टर
उपासनेत साक्षीची वेळ आली. आमच्याकडे साक्ष म्हणजे दारू सुटली, आजार बरा झाला. आज मामा उठले. खिशातून हजेरीवही काढली. एकेक नाव वाचलं, किती कापले ते वाचलं. "चौपट जमणार नाही. कापलेले सगळे देतो."
मावशी जागेवरूनच म्हणाली, "मामा, आधी द्या. मग साक्ष द्या."
कुणी तिला गप्प केलं नाही. मला फार बरं वाटलं.

२ एप्रिल
मावशीचे पैसे आले. तिनं दोनदा मोजून घेतले.

५ एप्रिल
पंडिता रमाबाई १९२२ साली आज गेल्या. दुष्काळात पोरी वाचवून केडगावला आणल्या. बायबलचं स्वतः मराठी भाषांतर केलं, तेही तिथल्याच बायकांनी छापलं. प्रार्थना एका खोलीत आणि भाकरी दुसऱ्या, असं त्यांनी केलं नाही.

२० एप्रिल
विहिरीत हंडा बुडत नाही. वाटीनं भरायचा. नार-पार नद्या आमच्याच तालुक्यातल्या, पावसाळ्यात धो धो, आणि सगळं पाणी पश्चिमेला जातं. आज पाळीवरून भांडण. एक जण म्हणाला, "देव वेगळा तर विहीर पण वेगळी शोधा."
मी पाळी सोडली नाही. उलट बोललेही नाही.

२८ एप्रिल, रविवार
उपासना अर्ध्या तासात उरकली. टिकाव, घमेली घेऊन सगळे विहिरीवर, गाळ काढायला. दोघे कुरकुरले, रविवार विश्रांतीचा म्हणून. पास्टर पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आधी उतरले. दुपारी भाऊजी आले. काही न बोलता दोर धरला. हे खाली घमेलं भरत होते, भाऊजी वर ओढत होते.
संध्याकाळी भाऊजी म्हणाले, "उद्या मी माणसं आणतो."

२९ एप्रिल
आणली.

९ मे
नारायण वामन टिळक १९१९ साली आज गेले. शेवटी मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले, न घेतलेले, दोघांना जागा. विहिरीवर मला तेच आठवत होतं.

१० मे, अखाजी
बचत गटाची बैठक. सगळ्या घरच्या बायका होत्या. ठरलं ते लिहिते: पुढच्या हंगामात हजेरी दोन वह्यांत. एक मामांकडे, एक टोळीतल्या बाईकडे. दर आठवड्याला ताळा. मामांनी सगळ्यांसमोर होकार दिला. तिघींचे पैसे मात्र अजून यायचे आहेत. जूनपर्यंतची मुदत मागितली आहे.
आमच्या मंडळीचा विश्वास किती खरा, ते त्या दोन वह्या जुळल्या की कळेल.