आमची कुठेही शाखा नाही

अमेरिकेत एमएस करताना कॅम्पसवरच्या काही घरांचं मला भारी कुतूहल होतं. दारावर मोठाली ग्रीक अक्षरं, आणि आत राहणाऱ्या मुली एकमेकींना 'सिस्टर' म्हणणार! याच त्या सोरॉरिटीज. महिला मंडळात हॉस्टेल आणि थोडी गुप्तता मिसळा, की झालं.

त्यांचा इतिहास वाचायला घेतला आणि रंगून गेलो. जॉर्जियातल्या मेकन गावात वेस्लियन हे मुलींचं कॉलेज. तिथे 1851 मध्ये अडेल्फियन आणि 1852 मध्ये फिलोमॅथियन अशा दोन सोसायट्या निघाल्या. पन्नासेक वर्षं दोघी त्या एकाच कॉलेजात नांदल्या. अगदी पुणेरी पाटीसारखं, 'आमची कुठेही शाखा नाही'! मग 1904-05 मध्ये दोघींनी ग्रीक नावं घेतली आणि बाहेर शाखा काढायला लागल्या. फिलोमॅथियनची झाली फाय म्यू, अडेल्फियनची पुढे अल्फा डेल्टा पाय. गंमत म्हणजे 1914 मध्ये खुद्द वेस्लियननेच सोरॉरिटीज बंद करायचं ठरवलं.

पण असं स्वतःच मोठं होणं सगळ्यांना कुठलं जमायला? 1902 मध्ये सात मोठ्या संस्थांनी शिकागोत जमून सामाईक परिषद सुरू केली होती. छोटे स्थानिक गट अशा एखाद्या राष्ट्रीय संस्थेकडे रीतसर अर्ज करायचे. पसंत पडले तर शाखा मंजूर. मग परगावीही ओळखीच्या 'सिस्टर्स' मिळायच्या, घरासाठी पाठबळ मिळायचं. बदल्यात स्वतःचं नाव, बिल्ला, रीतिरिवाज सोडायचे आणि मुख्यालयाला वर्गणी द्यायची.

सौदा वाईट नाही. पण खरी किंमत वेगळीच होती. कॉर्नेल आणि टफ्ट्स इथल्या सिग्मा कॅपाच्या शाखांनी कृष्णवर्णीय मुलींना आपल्यात घेतलं, आणि त्यानंतर 1956 मध्ये राष्ट्रीय संस्थेने या दोन्ही शाखा निलंबित केल्या. आपली मैत्रीण कोण, हे हजार मैलांवरून ठरणार! कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपल्या संस्था कधीच वेगळ्या काढल्या होत्या. हॉवर्ड विद्यापीठातली अल्फा कॅपा अल्फा तर 1908 ची.

न्यूयॉर्कच्या राज्य विद्यापीठाने 1953 मध्ये यावर सरळ घाव घातला. भेदभाव बंद, आणि राष्ट्रीय संस्थांशी संबंधही तोडा. प्रकरण कोर्टात गेलं, विद्यापीठ जिंकलं. शाखा पुन्हा स्थानिक गट झाल्या. ही बंदी उठली 1976 मध्ये.

हे वाचताना मला राहून राहून आमची वीस जणांची कंपनी आठवत होती. एका मोठ्या कंपनीने आम्हाला विकत घेतलं. इन्शुरन्स सुधारला, कॅंटीन आलं, व्हिजिटिंग कार्डाला वजन आलं. पण पूर्वी नवीन माणूस घ्यायचा तर आम्ही सगळे चहावर बसून ठरवायचो. ते मात्र संपलं.

तेव्हा मंडळी, कोणी मोठ्या नावाखाली बोलावलं तर जरूर जा. फक्त आधी एवढं विचारून घ्या, आत कोणाला घ्यायचं हे यापुढे कोण ठरवणार?