हिमबिबट्याची शिरगणती

शिमला, रिकाँगपिओ, काझा असा सरकारी बसचा प्रवास करून आम्ही हिमाचल प्रदेशातील स्पिती खोऱ्यात पोहोचलो. काझाहून वर चढताना की मठ लागतो आणि पुढे किब्बर हे गाव. उंची सुमारे १४ हजार फूट. चार पावले चाललो की आम्हाला धाप लागे. डोंगरावर झाड औषधालाही नाही.

हिमबिबट्याला इकडे ‘शेन’ म्हणतात. आम्ही घरधन्याला विचारले, “भाई, शेन दिसतो का हो?” तो म्हणाला, “आम्हाला तो गोठ्यात शिरल्यावरच कळतो.” बंदिस्त गोठ्यात शिरला तर एका रात्रीत अनेक मेंढ्या मारतो. गरिबाची सारी पुंजीच ती! म्हणून येथे गावाने विम्याचा निधी उभारला. हप्ता भरणाऱ्याला मेलेल्या जनावराची भरपाई मिळते.

पण हे जनावर आहे तरी किती? पूर्वी पावलांचे ठसे, विष्ठा आणि गुराख्यांचे सांगणे यांवरून अंदाज बांधत. आज या कड्यावर दिसलेला उद्या त्या कड्यावर दिसला की एकाचे दोन होत. आता खडकाशी कॅमेरे बसवतात. समोरून उबदार अंगाचे काही हलले की फोटो आपोआप निघतो. एका मुलाने आम्हाला असा कॅमेरा दाखवला. तो नीट चालतो का हे पाहायला माणसालाच त्याच्यासमोरून रांगावे लागते! आम्हीही रांगलो आणि पोट धरून हसलो.

प्रत्येक हिमबिबट्याच्या अंगावरचे ठिपके वेगळे, जसे आपल्या अंगठ्याचे ठसे. ते जुळवून कोण कोणता हे ठरवतात. मग साधा हिशेब. समजा, पहिल्या खेपेस दहा निराळे बिबटे ओळखले. दुसऱ्या खेपेस दहा आले आणि त्यांत पाच जुनेच निघाले. म्हणजे आपण निम्मेच ओळखले होते. एकूण वीसच्या आसपास असावेत. प्रत्यक्षात कॅमेऱ्यांच्या जागा आणि अंतरेही गणितात धरतात.

२०१९ ते २०२३ या काळात देशभर अशी पहिली गणना झाली. कॅमेरे १,९७१ ठिकाणी लावले. फोटोंतून २४१ निराळे हिमबिबटे ओळखले गेले आणि त्यांवरून देशाचा अंदाज निघाला ७१८. पैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये, हिमाचलात ५१. हिमाचलाच्या २०२५ मधील नव्या मोजणीत हा आकडा ८३ आला.

वाचकहो, कागदावरचा हा आकडा कोणाच्या पायांनी आला? किब्बरच्या तरुणांच्या. हाडे गोठवणाऱ्या थंडीत कॅमेरे पाठीवर घेऊन ते कडे चढले. नव्या मोजणीत गावच्या स्त्रियाही होत्या. घरचे काम उरकून त्या डोंगर चढल्या, संगणकासमोर बसून ठिपके जुळवायलाही शिकल्या.

आम्हाला शेन दिसला नाही. निघताना घरधनी म्हणाला, “मेंढ्या गेल्या की आधी शिव्याच येतात तोंडात. पण तो किती उरलाय हे आता आमच्याच मुली सांगतात.” गोठ्यावर नवी जाळी ठोकता ठोकताच तो हे बोलत होता.