आत्याच्या चपला

घाटकोपर,
रविवार

ती. आत्यास,


गणपतीत कापड्याहून निघताना पडवीत माझे सँडल शोधत होते, तेव्हा तुझ्या चपला हाती लागल्या. उजवीची टाच सारखी झिजलेली, डावीची बाहेरची कड मात्र पार कागद झालेली. तेव्हाच बोलणार होते. पण एसटीची वेळ झाली होती आणि तू माझ्या पिशवीत कोकमं कोंबत होतीस.

पायाचं विचारलं की तुझं एकच उत्तर, "वय झालं." गुडघ्याबद्दल म्हणालीस तर अर्धं मान्य करीन. घोटा तसा नाही. गुडघा वयाने झिजतो. घोट्याची झीज बहुतेकदा जुन्या दुखापतीतून येते. तुझी दुखापत तर घरात सगळ्यांना पाठ आहे. लावणीचे दिवस, डोक्यावर आवणाच्या मुठी, निसरडा बांध. पाय आत वळला, संध्याकाळी तेल लावून चोळला आणि दुसऱ्या दिवशी तू पुन्हा चिखलात.

सुताराने खाचेत लाकूड बसवावं तसं घोट्याचं हाड नडगीच्या दोन हाडांच्या मध्ये बसलेलं असतं. बाजूचे अस्थिबंध त्याला धरून ठेवतात. पाय आत मुरगळला की बाहेरच्या बंधाला हिसका बसतो. सूज उतरली की आपण म्हणतो, बरा झाला. पण बंध सैल राहिला तर पाऊल पुन्हा पुन्हा लचकतं, आणि आतली गुळगुळीत कूर्चा वर्षानुवर्षं घासत जाते. चालताना घोट्यावर अंगाच्या वजनाच्या चार-पाच पट भार येतो. त्यात आपल्याकडे सपाट वाट कुठे आहे?

एक गंमत सांगते. पायऱ्या उतरताना तू डावा पाय आधी टाकतेस, चढताना उजवा. दुखरा पाय उतरताना पुढे, चढताना मागे, हे आम्हाला फिजिओथेरपीच्या वर्गात शिकवतात. तुझ्या पायाने ते आपलं आपण शोधलं. काठी मात्र तू डाव्या हातात धरतेस. ती उजव्या हातात घे, म्हणजे दुखऱ्या पायावरचा भार हलका होईल.

आता कामाचं. महाडला जाऊन एक्स-रे काढ, आणि तो उभं राहून काढायला सांग; झोपून काढला तर झीज लपते. दुखणं झिजेचंच आहे का, हेही डॉक्टरांकडून कळू दे. रात्रीत पायाचा अंगठा लाल होऊन ठणकला तर तो युरिक ॲसिडचा वात असू शकतो. दोन्ही पावलांचे सांधे सकाळी तासभर आखडत असतील तर ते आमवाताचं लक्षण. आतोबांना साखर आहे, म्हणून हे त्यांनाही वाचून दाखव: पाऊल सुजलं, गरम लागलं आणि दुखत नसलं, तर निर्धास्त राहायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रोज घेऊ नकोस. त्या पोट आणि मूत्रपिंड दोन्ही बिघडवतात.

झिजलेली कूर्चा परत येत नाही, पण स्नायू तिचा भार उचलू शकतात. बसल्या बसल्या पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरव. माजघराचा खांब धरून दहा वेळा टाचा उचल. मग खांब धरूनच डाव्या पायावर थोडा वेळ उभी राहा. पाय कुठे, कसा पडतोय याची दुखावलेल्या घोट्याची जाण मंदावते, ती अशी परत येते. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर व्यायाम निम्मा कर.

आणि पुन्हा कुणाचा पाय मुरगळला तर पहिले दोन दिवस चोळायचं नाही, शेकायचं नाही. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा मिनिटं धरायचा, पट्टी बांधायची, पाय उशीवर ठेवायचा. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या हाडाची मागची कड दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे. ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये घालून दिलेला हा नियम शेताच्या बांधावरही चालतो.

मागे पट्टा असलेल्या नव्या चपला पाठवते आहे. जपून ठेवू नकोस, वापर. दिवाळीला आले की आधी त्या उलट्या करून बघणार. उलटी चप्पल दिसली की घरात भांडण होतं म्हणतेस ना? होऊ दे.

तुझी भाची,
सुमी