बिनइंजिनाची गाडी

गाडी म्हटली कीं तिला इंजिन हवें, असें माझें लहानपणापासूनचें मत. पुढें धापा टाकीत धावणारें तें काळेंकभिन्न धूड, आणि मागें निमूटपणें येणारे डबे! संसारही असाच चालतो, या समजुतीनें पस्तीस वर्षें मीं आमच्या घराचें इंजिन होऊन शिट्ट्या फुंकल्या. पुढें निवृत्त झालों. आणि परवां घराच्या दुरुस्तीचा बेत मुलानें मला न विचारतांच आंखला. मी चपला चढवून बाहेर पडलों. रागावलेल्या मुंबईकराला जाण्यासारखें एकच ठिकाण असतें : स्टेशन!

बोरीबंदरास एका बांकावर बसलों. समोर हार्बर मार्गाची लोकल येऊन थांबली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली विजेची गाडी येथूनच, याच मार्गानें कुर्ल्याला गेली. तेव्हां वरच्या तारेंत १५०० व्होल्टांचा एकदिश प्रवाह होता. २०१६ पासून तेथें २५,००० व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह खेळत आहे. परंतु मूळ युक्ति तीच राहिली. ती फ्रँक स्प्रेग यानें १८९७ मध्यें शिकागोंत साधली. या गाडीला इंजिन नाहींच. मोटारी ठराविक डब्यांच्या पोटाखालीं वांटलेल्या. मोटरमननें मूठ फिरविली कीं हुकूम तारांवाटे साऱ्यांना एकदमच पोंचतो.

पाहतां पाहतां पलीकडच्या टोंकाला दुसरा मोटरमन चढला. शेपटाचें डोकें झालें! इंजिन सोडणें नाहीं, फिरविणें नाहीं, कीं जोडणें नाहीं. माझ्या बाजूच्या खोलींत मात्र आतां गार्ड येऊन उभा राहिला. मला त्या खोलीची कींव आली. क्षणापूर्वीं पुढची वाट दाखविणारी ती. यापुढें तिच्या नशिबीं मागें पडलेले रूळ पाहणेंच!

तोंच गार्डनें घंटेचे दोन ठोके दिले, आणि मग गाडी हलली. त्या दोन ठोक्यांवांचून मोटरमन जागचा हलत नाहीं, हें मला ठाऊक होतें. आजवर त्यावर विचार मात्र केला नव्हता.

घरीं आलों तों मुलगा कागद पसरून बसलेला.

“पावसाच्या आधीं होईल ना रे?” मीं विचारलें.

“होईल, बाबा. पण कामगारांना अजून होकार दिलेला नाहीं. म्हटलें, तुम्ही येऊं द्यात.”

मीं कागद पाहिला, आणि दोनदां मान हलविली.