तुझ्याआधी नंदू भेंडे गाऊन गेलेत

जळोची, ता. बारामती

चि. सोन्यास,

तुझं पत्र परवा पोचलं. तुमच्या बँडचं गाणं ऐकून कुणीतरी ‘हे आपल्या मातीतलं नाही’ म्हणालं आणि तू ते इतकं मनाला लावून घेतलंस की महिनाभर गिटारला हात लावला नाहीस. दोन ओळींत उत्तर देण्यासारखा हा विषय नाही, म्हणून सवडीने लिहायला बसलोय.

तू ज्या ब्लूज-रॉकच्या नादी लागलायस त्याची माती कुठली, ते आधी बघ. बडी गाय हे तुझं दैवत. 1936 सालचा त्याचा जन्म, लुइझियानातल्या लेट्सवर्थ नावाच्या खेड्यातला. आईबाप वाट्याने कापूस पिकवायचे. जमीन मालकाची, बी-बियाणं नि दाणागोटा उधारीवर, आणि कापूस वेचून हिशेब झाला की कुळाच्या नावावर देणं उरलेलंच. आपल्याकडे दिवाळी सरली की बीड-नगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि त्या कोयत्यावर मुकादमाची उचल. हंगाम संपला तरी उचल फिटेलच असं नाही, मग पुढच्या वर्षी पुन्हा तोच मुकादम. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेला आपला ऊस जी माणसं तोडतात, त्यांना लेट्सवर्थच्या कापसाची गोष्ट कुणी फोड करून सांगावी लागणार नाही.

लहानपणी बडी गायने खिडकीच्या जाळीतल्या तारा उपसल्या आणि त्यावर आपलं पहिलं वाद्य केलं. तिकडच्या गरीब वस्त्यांतून ‘डिडली बो’ म्हणून असंच एक वाद्य असायचं. घराच्या लाकडी भिंतीत दोन खिळे ठोकायचे, केरसुणीला गुंडाळलेली तार सोडवून त्यांच्यात ताणायची, खाली एक बाटली सारून तार उचलून धरायची. मग एका हाताने तार छेडायची आणि दुसऱ्या हातातली बाटली तिच्यावरून सरकवायची. सूर घसरत, विव्हळत वर चढतो. तू काचेची नळी बोटात घालून जे करतोस ना, त्याचं मूळ हे.

आता आपलं तुणतुणं आठव. लाकडाचं पोकळ नळकांडं, त्याच्या बुडाला कातडं, कातड्याच्या मधोमध ओवलेली तार बाजूच्या दांडीवरच्या खुंटीला आवळलेली. तीही एकच तार. शाहिराच्या मागे उभा राहून तुणतुणेवाला रात्रभर तो एकच सूर धरून ठेवतो, आणि झीलकरी शाहिराची ओळ उचलून ‘जी जी’ करत परत फेकतात. ब्लूजची बांधणीही अशीच आहे. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीने तिला उत्तर द्यायचं. प्रत्येक ओळीनंतर जी जागा सुटते तिथे गिटार बोलते. गिटार ही तिथली झीलकरी. याची त्याने उचलली किंवा त्याची याने, असं मी म्हणत नाही. ज्यांच्याकडे एका तारेपलीकडे काही नव्हतं अशा माणसांना दोन्हीकडे सुचलेली ही वाट आहे.

आणि मातीचंच म्हणशील तर भजनी मंडळाची पेटी कुठली? युरोपातून आलेली. ती हिंदुस्थानी नाही म्हणून आकाशवाणीने 1940 साली तिला बंदी घातली, ती उठायला 1971 उजाडावं लागलं. बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजायचा. त्या पदांना ‘परकी’ म्हणायची आज कुणाची छाती आहे? पेटी आली तेव्हाही नाकं मुरडणारे होतेच. वाजवणाऱ्यांनी ती वाजवत ठेवली, म्हणून ती आपली झाली.

पण तुला खरं सांगायचंय ते नंदू भेंड्यांबद्दल. तुझ्या पत्रात जगभरच्या गिटारवाल्यांची यादी आहे, हे नाव मात्र नाही, याची मला हळहळ वाटली. दोष तुझा नाही, आम्हीच तुम्हाला कधी सांगितलं नाही.

वडील आत्माराम भेंडे. बबन प्रभूंचे ‘झोपी गेलेला जागा झाला’सारखे फार्स ज्यांनी मराठी रंगभूमीवर गाजवले, तेच. आई आशा भेंडे लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक आणि अभिनेत्रीही. माहेरच्या त्या लिली इझिकेल, इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सीम इझिकेल हे त्यांचे भाऊ. इझिकेल घराणं बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून ज्यांना गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत. कित्येक पिढ्या मराठी बोलत आलेली ही माणसं. अशा घरातला मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत ‘व्हेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या बँडमधून रॉक गात होता. तेव्हा परदेशी गिटार हाती लागणं म्हणजे दिव्य. आयातीवर निर्बंध, कुणीतरी बोटीवरून आणलेली रेकॉर्ड दहा जणांत फिरायची आणि कान देऊन देऊन चाल उतरवून घ्यायची.

1974 साली अ‍ॅलेक पदमसींनी ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ हे रॉक संगीतनाटक उभं केलं आणि ज्यूडासचं काम नंदूंना दिलं. हे काम नुसत्या गोड गळ्याचं नाही. ज्यूडासला वरच्या पट्टीत आरोळी ठोकावी लागते, आणि ती आरोळी सुरात बसावी लागते.

तरी माझ्या लेखी त्यांचं मोठं काम पुढचं. 1978 साली थिएटर अ‍ॅकॅडमीने पु. ल. देशपांड्यांचं ‘तीन पैशाचा तमाशा’ केलं. दिग्दर्शक जब्बार पटेल, आपल्या शेजारच्या दौंडला डॉक्टरकी करणारे. मूळ नाटक ब्रेख्तचं, 1928 साली बर्लिनमध्ये आलेलं, आणि त्यालाही आधार अठराव्या शतकातल्या एका इंग्रजी संगीतनाटकाचा. कुर्ट वाइलने त्याला दिलेल्या संगीतात जॅझ होता, आणि जॅझच्या अंगात ब्लूजचं रक्त. म्हणजे बघ, कापसाच्या रानातला तो सूर बर्लिनला वळसा घालून मराठी रंगमंचावर आला. त्याच मंचावर नाट्यसंगीत होतं, तमाशाचा बाज होता, चंद्रकांत काळे आणि माधुरी पुरंदरे यांच्यासारखे गाणारे होते, आणि त्यांच्यात नायक म्हणून नंदू भेंडे आपल्या रॉकच्या गळ्याने मराठी गात होते. त्यांनी गळा बदलला नाही आणि पु. लं.नी भाषा पातळ केली नाही. मराठीत रॉक शोभतं का, हा तुझा प्रश्न तू जन्मायच्या कितीतरी आधी प्रेक्षकांसमोर सोडवून झालेला आहे.

पुढे ते पोटापाण्यासाठी गायले, मालिकांना संगीत दिलं. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘कृष्णा धरती पे आजा तू’ लग्नाच्या वरातीत तू शंभरदा ऐकलं असशील, तो आवाज त्यांचा. 11 एप्रिल 2014 रोजी ते गेले. पुढच्या फेब्रुवारीत वडीलही गेले. आपल्याकडे संगीताचे इतिहास लिहिणारे नाट्यसंगीत, भावगीत, लावणी यांना भरभरून पानं देतात. नंदू भेंड्यांच्या वाट्याला ओळ येते. हा अन्याय आहे असं माझं ठाम मत आहे.

तर तू आता इंग्रजी गाणी बाजूला ठेवून मराठीत लिही. एक अडचण येईल ती सांगून ठेवतो. आपलं वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे यमक जुळवायला गेलास की ‘गेला-केला’, ‘आली-झाली’ यातच फिरत राहशील. शाहीर यातून सुटायला क्रियापद आत ढकलतात आणि ओळ नामावर आणून सोडतात. तसं करून बघ. आपल्या भाषेला दीर्घ स्वरांची चैन आहे. ‘पाणी’तला ‘पा’ हवा तेवढा ओढता येतो, आणि ब्लूजला ओढायला जागा लागतेच. शब्द रोजचे घे. पहाटे जळोचीच्या उपबाजारात भाजी उतरवणारे हमाल काय बोलतात ते ऐक, त्या बोलण्याला ठेका आहे.

ढोलकीचं विचारलं होतंस. ड्रम्सऐवजी घ्यायची असेल तर गिटार आणि ढोलकी एका स्वराला लागली पाहिजेत. शाई चढवलेल्या पुडीचा सूर आधी लावून घे, गिटार त्याला मिळव. उलट करायला जाशील तर ढोलकीची दोरी ताणून ताणून तुटायची. आपल्या आळीतला ढोलकीवाला यात्रांचा हंगाम उरकला की मोकळा असतो. तारीख कळव, त्याच्याशी मी बोलून ठेवतो.

तुझा,
मामा